देवीच्या नावावर गेलेली जागा : सिसेरोच्या घराचा निवाडा, इ.स.पू. ५७

इ.स.पू. ५७ च्या २९ सप्टेंबरला रोमच्या पाँटिफेक्स मंडळापुढे, म्हणजे धर्मविधींवर देखरेख करणाऱ्या पुरोहितांपुढे, एक वाद सुनावणीला आला. पॅलाटिन टेकडीवर एका पाडलेल्या घराच्या जागेवर लिबर्टासचे, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचे देऊळ उभे होते. ते रीतसर अर्पण झालेले असेल तर जागा देवीची, आणि देवीची वस्तू माणसाला परत देणे हे पाप. अर्पणविधीत खोट असेल तर जागा अजून मूळ मालकाचीच. हा मूळ मालक म्हणजे मार्कस टुलियस सिसेरो, सहा वर्षांपूर्वीचा कॉन्सुल (वर्षभरासाठी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) आणि नुकताच हद्दपारीतून परतलेला.

रोमन तत्त्वज्ञानातला नैसर्गिक कायदा समजून घ्यायला बहुतेक वाचक सिसेरोचा ‘डे लेगिबुस’ (‘कायद्यांविषयी’) हा ग्रंथ उघडतात आणि पहिल्या भागातल्या भारदस्त वाक्यांपाशी थांबतात. आमच्या मते आधी हा खटला वाचावा. कायद्याच्या वर आणखी एक कायदा असतो, हे म्हणणे सोपे आहे. पण तो वरचा कायदा वापरून हातातला एक वाईट कायदा नेमका कोण, कोणत्या सभेत, कोणत्या शब्दांत निकामी करतो, हे या प्रकरणात लख्ख दिसते.

वैर कुठून आले

इ.स.पू. ६३ मध्ये कॅटिलिना या सरदाराचा सत्ता उलथण्याचा कट उघडकीला आला. ५ डिसेंबरला सेनेटने ठराव केला आणि कॉन्सुल सिसेरोने पाच कटवाल्यांना तुरुंगात गळा आवळून ठार करवले. त्यात लेंटुलस सूरा हा त्या वर्षीचा प्रेटर, म्हणजे कॉन्सुलच्या खालोखालचा अधिकारी होता. पाचही जण रोमन नागरिक होते आणि एकावरही लोकांच्या सभेपुढे खटला चालला नव्हता. ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते.

पुढल्या वर्षी सिसेरोने पॅलाटिनवरचे हे घर क्रॅससकडून ३५ लाख सेस्टर्सना (रोमन नाणी) घेतले. फोरमवर नजर टाकणारी, सगळ्या शहराला दिसणारी जागा. शेजारी कॅटुलसचा स्तंभमंडप होता, किंब्री टोळ्यांवरच्या विजयाच्या लुटीतून बांधलेला.

त्याच सुमाराला, इ.स.पू. ६२ च्या डिसेंबरात, पुब्लियस क्लोडियस हा तरुण सरदार बायकी वेशात सीझरच्या घरी शिरला. तिथे बोना देआचा, फक्त स्त्रियांचा विधी चालू होता. खटला उभा राहिला. त्या दिवशी आपण रोममध्ये नव्हतोच, हा क्लोडियसचा बचाव सिसेरोच्या साक्षीने कोसळला. तरीही ३१ विरुद्ध २५ मतांनी तो सुटला, आणि वैर कायमचे झाले.

क्लोडियस होता पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या उच्चकुलीन घराण्यातला. सामान्य वर्गाचा, म्हणजे प्लेब्सचा, प्रतिनिधी असलेला ट्रिब्यून व्हायचे तर प्लेबियन घरात दत्तक जाऊन कुळ बदलणे भाग होते. इ.स.पू. ५९ मध्ये ते झाले. दत्तक घेणारा फोंटेयस जेमतेम वीस वर्षांचा, आणि दत्तक जाणारा त्याच्याहून मोठा, सेनेटमध्ये बसणारा. सिसेरोने एका खटल्यातल्या भाषणात दिवसाच्या सहाव्या तासाच्या सुमारास राज्याच्या अवस्थेबद्दल तक्रार केली आणि त्याच दिवशी नवव्या तासाला दत्तकविधान उरकले. कॉन्सुल आणि पाँटिफेक्स मॅक्सिमस (मंडळाचा मुख्य) असलेल्या सीझरने सभा भरवली, शकुन पाहणारा ऑगुर म्हणून पाँपे हजर राहिला. कुळाचे कुलधर्म कोण चालवणार, दत्तक घेणाऱ्याला स्वतःचे मूल होण्यासारखे आहे का, ही पाँटिफेक्स मंडळाने करायची चौकशी झाली नाही, असा सिसेरोचा आक्षेप होता.

पाडकाम आणि अर्पण

इ.स.पू. ५८ मध्ये ट्रिब्यून झालेल्या क्लोडियसने दोन कायदे आणले. पहिला सर्वसाधारण होता : दोषी न ठरलेल्या रोमन नागरिकाला ज्याने ठार केले असेल त्याला अग्नी आणि पाणी बंद, म्हणजे हद्दपारी. नाव कुणाचे नव्हते, पण रोख सगळ्यांना कळत होता. मार्चमध्ये सिसेरो शहर सोडून निघाला. जाण्यापूर्वी घरातली मिनर्व्हाची मूर्ती त्याने कॅपिटॉलवर ज्युपिटरच्या मंदिरात नेऊन ठेवली. दुसरा कायदा त्याच्या पाठीमागे आला आणि त्यात मात्र थेट नाव होते : मार्कस टुलियसला अग्नी-पाणी बंद, कारण त्याने सेनेटचा खोटा ठराव नोंदवला.

घर लुटले, जाळले, पाडले. सिसेरोच्या तक्रारीनुसार संगमरवरी खांब एका कॉन्सुलच्या सासूकडे गेले, आणि त्याच्या टस्कुलमच्या वाडीतले सामानच काय, झाडेसुद्धा उपटून शेजारी जमीन असलेल्या दुसऱ्या कॉन्सुलच्या वाडीत नेऊन लावली गेली.

घर पाडण्याला रोममध्ये जुना अर्थ होता. स्पुरियस मेलियस, स्पुरियस कॅसियस, मार्कस मॅनलियस हे राजा होऊ पाहणारे म्हणून परंपरेने ठरवलेले लोक. त्यांची घरे जमीनदोस्त झाली होती. कॅसियसच्या जागेवर टेलुस देवीचे मंदिर उभे राहिले. कॅटुलसचा मंडपही गायस ग्रॅकसचा साथी फुल्वियस फ्लॅकस याच्या पाडलेल्या घराच्या जागेवर होता. म्हणजे क्लोडियस नुसता सूड घेत नव्हता. पाच नागरिकांना विनाखटला मारणारा माणूस जुलमी होता, आता तिथे स्वातंत्र्य नांदते आहे, असे तो दगडात लिहून ठेवत होता. युक्ती जबरदस्त होती, हे मान्य करायला हवे.

देवळाने व्यापलेला भाग मात्र लहान होता. क्लोडियसला त्या उतारावर खोल्यांसह ३०० फूट लांबीचा फरसबंद मंडप हवा होता, आणि आपल्या घराचा जेमतेम दहावा हिस्सा कॅटुलसच्या मंडपाला जोडला गेला, असे सिसेरो सांगतो. मूर्तीबद्दल तो म्हणतो की ती मुळात ग्रीसमधल्या टनाग्रा गावच्या एका गणिकेच्या थडग्यावरचा पुतळा. क्लोडियसच्या भावाने ती रोमला आणली होती. हे प्रतिपक्षाचे शब्द आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावे.

अर्पणविधीला काय काय लागते

मराठी वाचकाला यजमान आणि पुरोहित ही जोडी ठाऊकच असते. रोमन अर्पणातही तसे दोघे लागत. एक, अर्पण करणारा, ज्याच्या हातून वस्तू देवाला जाते. दुसरा, पाँटिफेक्स, जो शब्द सांगतो. यजमान ते जसेच्या तसे म्हणतो आणि देवळाच्या दाराचा खांब धरला जातो. शब्द चुकला, अडखळला, तर विधी फसला.

पण या दोघांच्याही आधी तिसरी गोष्ट लागे : लोकांचा आदेश. पॅपिरियसचा कायदा सांगत होता की प्लेब्सच्या आदेशाशिवाय कोणी देऊळ, जमीन किंवा वेदी अर्पण करू नये. माणूस स्वतःच्या इच्छेने शहराच्या नावाने देवाशी करार करू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. पाँटिफेक्स मंडळाने ते दोनदा लागू केलेले होते. इ.स.पू. १५४ चा सेन्सर (नागरिकांची नोंद ठेवणारा अधिकारी) गायस कॅसियस याला काँकॉर्डियाची मूर्ती सेनेटच्या सभागृहात अर्पण करायची होती. लोकांनी नाव घेऊन नेमल्याशिवाय ते योग्य रीतीने होणार नाही, असे पाँटिफेक्स मॅक्सिमस एमिलियसने कळवले. इ.स.पू. १२३ मध्ये लिसिनिया या व्हेस्टल कुमारिकेने, म्हणजे व्हेस्टा देवीच्या पुजारणीने, अव्हेंटाइनच्या पायथ्याशी वेदी, छोटे देऊळ आणि देवतेचा मंचक अर्पण केला. लोकांच्या आदेशाविना सार्वजनिक जागेत केलेले हे अर्पण पवित्र धरता येत नाही, असे मंडळाचे उत्तर आले. लिसिनियाच्या भक्तीबद्दल कोणी शंका घेतली नव्हती. भक्तीने आदेशाची उणीव भरून निघत नाही, एवढेच ठरले.

सुनावणी : सिसेरोने काय मांडले

निवाड्याला बसलेल्यांत पाँटिफेक्स, काही फ्लामेन (एकेका देवाचे पुरोहित), यज्ञराजा या पदवीचा पुरोहित आणि कनिष्ठ पाँटिफेक्स मिळून १९ जणांची नावे सिसेरोने पुढच्या वर्षीच्या भाषणात दिली आहेत. घर विकणारा क्रॅसस त्यांत आहे. पाँटिफेक्स मॅक्सिमस सीझर गॉलमध्ये होता, म्हणून नाही. हे पूर्णवेळ पुजारी नव्हते. तेच लोक सेनेटमध्ये बसत, सैन्ये चालवत. धर्म आणि राज्य एकाच हाती ठेवण्याची पूर्वजांची ही रीत भाषणाच्या पहिल्याच वाक्यात सिसेरो वाखाणतो, आणि निकाल कळला की ती केवळ स्तुती नव्हती हे पटते.

त्याचे मुद्दे एकमेकांत गुंतलेले आहेत. सोडवून पाहिले तर चार पायऱ्या दिसतात.

पहिली, दत्तकविधान खोटे. म्हणून क्लोडियस ट्रिब्यूनच नव्हता, म्हणून त्याचे सगळे कायदे पोकळ. ही पायरी सर्वांत धोक्याची. ते दत्तक सीझरने घडवले, आणि दुसरा कॉन्सुल बिबुलस त्या काळात आकाशातले शकुन पाहत असल्याचे जाहीर करत होता, आणि तसे जाहीर झाल्यावर सभेत झालेले काम अवैध ठरवता येत होते. शकुनाच्या मुद्द्यावर क्लोडियस पडला तर सीझरचे त्या वर्षीचे कायदेही त्याच्याबरोबर पडतात.

दुसरी, नाव घेऊन केलेला कायदा हा कायदाच नव्हे. बारा पाट्यांच्या जुन्या संहितेने एकेका माणसावर खास कायदा लादायला मनाई केली होती, आणि नागरिकाच्या जिवाचा व नागरिकत्वाचा निर्णय फक्त सर्वांत मोठ्या सभेत घ्यायचा असे बांधून दिले होते. अशा एकट्यावरच्या कायद्याला लॅटिनमध्ये ‘प्रिव्हिलेगियम’ म्हणत. आज हा शब्द सवलतीसाठी वापरला जातो. तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता.

तिसरी पायरी या प्रकरणाचे मर्म आहे आणि सहज नजरेतून निसटते. क्लोडियसचे उत्तर होते, ‘मला परवानगी असावी असा ठराव मी आणलाच होता.’ त्यावर सिसेरो विचारतो : त्याच ठरावात, जे मांडणे न्याय्य नसेल ते मांडलेच नाही असे समजावे, असे कलम तू घातले नव्हतेस का? हे कलम रोमन कायद्यांत नेहमी असे. हाच धागा सिसेरोने बऱ्याच वर्षांपूर्वी कॅसिनाच्या जमिनीच्या खटल्यात पकडला होता. हुकूमशहा सुल्लाच्या कायद्यातही हे कलम होते, तेव्हा लोकांनी काहीही हुकूम केला तरी तो चालतोच असे नाही. जे लोकांच्याही अधिकारात नाही असे काहीतरी आहे, हे कायदा स्वतःच कबूल करतो, असे त्याने तेव्हा मांडले होते. स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांकडून आलेली ही वरच्या कायद्याची कल्पना रोममध्ये पाय रोवते ती इथे. कायद्याच्या शेपटाला जोडलेल्या एका नेहमीच्या, कारकुनी वाटणाऱ्या ओळीत.

चौथी पायरी विधीची. पाँटिफेक्स म्हणून हजर होता एकटा लुसियस पिनारियस नट्टा, क्लोडियसच्या बायकोचा भाऊ, नवखा आणि तरुण. सिसेरो यादीच देतो : सहकारी नाहीत, विधिग्रंथ नाहीत, सल्लागार नाही, नैवेद्याच्या आकृती घडवणारा सेवक नाही; चोरून केलेले, मन आणि जीभ दोन्ही अडखळत केलेले. दाराच्या खांबाबद्दल त्याचा प्रश्न नेमका आहे. खांब धरतात तो देवळाच्या दाराचा, जिथून गाभाऱ्यात जातात तिथला. फेऱ्या मारायच्या मंडपाचा खांब अर्पण करताना कोणी, कधी धरला आहे?

आणखी एक टोला फार नेमका आहे. डोके झाकून, शेगडी ठेवून, बासरीवाला उभा करून मालमत्ता देवाला वाहून टाकण्याची ट्रिब्यूनांची एक रीत होती. क्लोडियसने ती कॉन्सुल गॅबिनियसच्या मालमत्तेवर वापरली होती आणि ट्रिब्यून निन्नियसने तीच क्लोडियसच्या मालमत्तेवर. तेवढ्याने वस्तू देवाची होत असेल तर क्लोडियसचे राहते घरही देवाचे झाले.

मधोमध मात्र सिसेरो तांत्रिकपणा सोडतो आणि विचारतो की प्रत्येक नागरिकाच्या घराहून अधिक पवित्र काय आहे? इथेच वेद्या, इथेच चूल, इथेच कुलदैवते. म्हणजे देवाच्या नावाने जे घर घेतले त्यात देव आधीपासून राहत होतेच. लिबर्टासला जागा देताना घरच्या देवांना बेघर केले. सबंध भाषणातले धर्माविषयीचे हे सर्वांत खोल वाक्य आम्हाला वाटते.

निकाल

मंडळाचा निर्णय एका वाक्याचा होता : अर्पण केल्याचे जो म्हणतो त्याला लोकांच्या आदेशाने वा प्लेब्सच्या ठरावाने त्या कामासाठी नाव घेऊन नेमलेले नसेल, आणि तसे करण्याचा आदेशही दिलेला नसेल, तर जागेचा तो भाग धर्माला बाधा न येता मार्कस टुलियसला परत देता येईल असे दिसते.

दत्तकविधानाचा उच्चार नाही. नाव घेऊन केलेल्या कायद्याच्या वैधतेवर काही नाही. नट्टाची अडखळती जीभ नाही. चार पायऱ्यांपैकी कोणतीही पूर्ण न चढता मंडळाने जुन्या दोन दाखल्यांतले सूत्र उचलले. शिवाय वाक्य ‘जर’ने बांधलेले. त्याचा फायदा क्लोडियसने त्याच दिवशी उठवला : सभेपुढे जाऊन सांगितले की निकाल माझ्या बाजूने लागला आहे, आपल्या स्वातंत्र्यदेवीच्या रक्षणाला चला.

१ ऑक्टोबरला सेनेट भरली. तुम्ही नेमके काय ठरवले, असे पाँटिफेक्सना विचारण्यात आले. सर्वांच्या वतीने मार्कस लुकुल्लस म्हणाला की धर्माबाबत न्यायाधीश पाँटिफेक्स होते, कायद्याबाबत सेनेट आहे. आदेश दिला गेला होता का, तो कायदा धरावा की नाही, हे त्यांनी पुरोहित म्हणून ठरवले नाही. मग त्याच माणसांनी सेनेटर म्हणून मत दिले. क्लोडियस वेळ काढण्यासाठी जवळपास तीन तास बोलत राहिला, शेवटी आरडाओरड्याने त्याला बसवावे लागले. सेरानस या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला, रात्रभराची मुदत मागितली, आणि दुसऱ्या दिवशी ठराव झाला.

भरपाई अशी ठरली : पॅलाटिनच्या इमारतीचे २० लाख सेस्टर्स, टस्कुलमच्या वाडीचे ५ लाख, फॉर्मियाच्या वाडीचे अडीच लाख. शेवटचे दोन आकडे फारच हात आखडून लावल्याची कुरकुर सिसेरोने मित्र अ‍ॅटिकसला पत्रात कळवली आहे.

निकालाने भांडण मिटले नाही. ३ नोव्हेंबरला हत्यारबंद टोळीने गवंड्यांना हुसकावले, नव्याने बांधला जात असलेला, छपरापर्यंत आलेला कॅटुलसचा मंडप पाडला आणि सिसेरोचा भाऊ क्विंटस याच्या घरावर दगडफेक करून ते पेटवले. पुढल्या वर्षी लॅटियममध्ये जमिनीतून गडगडाट ऐकू आला. एट्रुस्कन हारुस्पेक्सनी (अशा अपशकुनांचा अर्थ सांगणाऱ्यांनी) कारणांत ‘पवित्र जागा अपवित्र मानल्या जात आहेत’ असे सांगितले आणि क्लोडियसने बोट सिसेरोच्या घराकडे दाखवले. मंडळ आणि सेनेट दोघांनी मोकळी ठरवलेली जागा एका गडगडाटाने पुन्हा वादात आली.

मग तत्त्वज्ञान कुठे आहे

नैसर्गिक कायद्यावरची सिसेरोची मांडणी या निकालानंतरची आहे. ‘डे रे पुब्लिका’ (‘राज्याविषयी’) इ.स.पू. ५४ ते ५१ मधला. ‘डे लेगिबुस’ त्याच्याच मागोमाग हाती घेतलेला. पहिल्यात खरा कायदा म्हणजे निसर्गाशी जुळणारी सरळ बुद्धी, सर्वांत पसरलेली, न बदलणारी; सेनेट किंवा लोक त्यातून कुणाला मोकळे करू शकत नाहीत. दुसऱ्यात ही बुद्धी माणूस आणि देव यांच्यात सामाईक आहे, म्हणून दोघांचे मिळून एकच नगर आहे. अडाणी वैद्याने औषध म्हणून विष लिहून दिले तर ती वैद्यकाची सूचना ठरत नाही. तसा घातक ठराव लोकांनी मंजूर केला तरी कायदा ठरत नाही.

हे वाचताना पॅलाटिनची राख डोळ्यांपुढे ठेवावी. ‘डे लेगिबुस’च्या दुसऱ्या भागात धर्माचे कायदे सांगता सांगता सिसेरो आपल्या कुलदैवतांचा छळ आणि त्यांच्या जागी बांधलेले स्वैराचाराचे देऊळ आठवतो, लिबर्टासऐवजी तो लिसेंशिया (स्वैराचार) म्हणतो. तिसऱ्या भागात एकट्या माणसावर खास कायदा आणू नये, हे आदर्श राज्याचे कलमच करतो, आणि लुसियस कोट्टाने सेनेटमध्ये मांडलेले मत नोंदवतो : सिसेरोविरुद्ध काहीच कायदेशीर झाले नव्हते, म्हणून परत बोलावायला नवा कायदाही नको.

या मांडणीची दोन ठिकाणे दुखरी आहेत.

एक म्हणजे ते पाच जण. नागरिकाच्या जिवाचा निर्णय मोठ्या सभेतच व्हावा, हा नियम त्यांनाही लागू होता. सिसेरोचे उत्तर इ.स.पू. ६३ पासून ठरलेले : राज्याचा शत्रू झालेला माणूस नागरिक राहत नाही. पण तो शत्रू झाला, हे ठरवायची सभा कोणती, पुरावा कोण तपासणार? क्लोडियसच्या दुसऱ्या कायद्यात जी खोट होती तीच इथे आहे. आमच्या मते सिसेरोचा सिद्धांत त्याच्या कृतीपेक्षा सरस आहे, आणि सिद्धांत वाचवायचा तर कृती सोडून द्यावी लागते.

दुसरे, अंमलाचे. इ.स.पू. ५६ मध्ये सिसेरोने कॅपिटॉलवरच्या क्लोडियसच्या कायद्यांच्या पाट्या काढून टाकल्या तेव्हा विरोधाला उभा राहिला कॅटो, रोममधला सर्वांत कडवा स्टोइक. क्लोडियसच्याच कायद्याने त्याला सायप्रस ताब्यात घ्यायला पाठवले होते. क्लोडियसचे ट्रिब्यूनपद मुळातच खोटे मानले तर कॅटोचा सायप्रसचा सगळा कारभार आणि आणलेला खजिना बेकायदा ठरत होता. दोघे काही काळ दुरावले. एक कायदा मुळापासून उपटला की त्याच्यावर विसंबून झालेले प्रत्येक काम सैल होते. मंडळाने फक्त ‘जागेचा तो भाग’ म्हटले, याचे कारण इथे कळते.

‘डे लेगिबुस’ लिहिताना सिसेरोलाही हे कळून चुकले असावे. दुसऱ्या भागात, वाईट कायदा कायदाच नव्हे असे सांगून झाल्यावर, ऑगुरांच्या अधिकारांकडे तो वळतो. चुकीच्या रीतीने आणलेला कायदा रद्द करणे ही त्यांची सर्वांत मोठी सत्ता, असे सांगून तो दाखले देतो : टिटियसचा कायदा मंडळाच्या निर्णयाने गेला, लिवियसचे कायदे कॉन्सुल आणि ऑगुर असलेल्या फिलिपसच्या सल्ल्याने. हे लिहिणारा तेव्हा स्वतः ऑगुर होता. पार्थियात मारल्या गेलेल्या तरुण पुब्लियस क्रॅससच्या रिकाम्या जागी त्याची निवड झाली होती.